आरसीनंतर अंतिम आवृत्तीवर अपग्रेडच होत नाही (डेबियन लिनक्सचं पॅकेज)

प्रश्न:
मूळ प्रकल्पाची २.०आरसी१ (आरसी म्हणजे रिलीज कँडिडेट, अंतिमाआधीची चाचणी आवृत्ती) आली तेव्हा २.०आरसी१-१ असा क्रमांक देऊन पॅकेज आमच्या रिपॉझिटरीत टाकलं. आरसी२ वर अपग्रेड सुरळीत झालं. आता अंतिम २.०-१ टाकलंय, पण एपीटी (रिपॉझिटरीतून पॅकेज आणणारं साधन) आरसी२ लाच नवीन मानतंय. इपॉक (क्रमांकाच्या सुरुवातीचा १: सारखा आकडा, जो तुलनेत सर्वात आधी पाहिला जातो) लावू का?

उत्तर १:
इपॉक नको. एकदा १: लावलंत की पुढच्या प्रत्येक आवृत्तीला ते ठेवावंच लागतं.

डीपीकेजी (पॅकेज प्रत्यक्ष बसवणारं साधन) क्रमांक डावीकडून तुकड्यातुकड्याने पाहतं: आधी अक्षरं-चिन्हं, मग आकडे, पुन्हा अक्षरं. २.० पर्यंत दोन्ही सारखे. पुढे एकीकडे 'आरसी', दुसरीकडे रिकामं. आणि रिकामं हे अक्षरापेक्षा लहान. रिकाम्याहूनही लहान ठरणारं चिन्ह एकच, टिल्ड (~). म्हणून पूर्वआवृत्तीचा क्रमांक २.०~आरसी१-१ असा हवा. ~बीटा१, ~आरसी१, ~आरसी१०, मग २.० असा क्रम आपोआप लागतो. टिल्डच्या जागी हायफन चालणार नाही: शेवटच्या हायफननंतरचा भाग डेबियन रिव्हिजन (मूळ आवृत्तीचा नव्हे, पॅकेजचा स्वतःचा क्रमांक) समजला जातो, आणि २.०-आरसी१ हे २.०-१ पेक्षा मोठंच ठरतं.

वाटून झालेल्या आरसी२ साठी: अंतिम पॅकेज २.०+फायनल-१ या क्रमांकाने काढा. अधिकचं चिन्ह अक्षरांनंतर येतं, म्हणून ते आरसी२ च्या पुढे जातं. पण टिंबाच्या आधी येतं, म्हणून उद्याचं २.०.१-१ त्याच्या पुढेच राहील. अधिक विसरून २.०फायनल लिहिलंत तर पुन्हा तोच घोळ, कारण इंग्रजीत एफ हे आरच्या आधी येतं.

उत्तर २:
गिट स्नॅपशॉटलाही (गिट या कोड-नोंदीच्या साधनातून दोन आवृत्त्यांच्या मध्येच घेतलेली प्रत) हेच लागू. आरसी१ नंतरचा स्नॅपशॉट २.०~आरसी१+गिट२०२४०३१०, म्हणजे तो आरसी१ आणि आरसी२ च्या मध्ये बसतो. नुसतं २.०~गिट लिहिलं तर तो आरसी१ च्या मागे पडेल. तारीख आधी, कमिट हॅश (गिटमधल्या बदलाचा ओळखक्रमांक) नंतर; हॅशला चढता क्रम नसतो.

आरपीएममध्ये (फेडोरासारख्या लिनक्सची पॅकेज पद्धत) टिल्ड ४.१० पासून चालतं. त्याआधी रिलीज (तिथला रिव्हिजनसारखा भाग) ०.१ पासून सुरू करून आरसी त्यातच लिहायचे.

उत्तर ३:
गिटच्या टॅगमध्ये (आवृत्तीला दिलेल्या नावात) टिल्ड चालत नाही. जीबीपी (गिटमधून डेबियन पॅकेज बनवणारं साधन) तिथे अंडरस्कोर घालतं. वॉच फाइलमध्ये (मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती कुठे शोधायची ते सांगणारी फाइल) यूव्हर्जनमँगल हा क्रमांक बदलणारा नियम लिहून आरसी, बीटा, अल्फाच्या आधी टिल्ड घालून घ्या, नाहीतर यूस्कॅनही (ती फाइल वाचून नवी आवृत्ती शोधणारं साधन) आरसीलाच नवीन म्हणेल. आणि अपलोडआधी डीपीकेजीच्या कम्पेअर-व्हर्जन्स पर्यायाला जुना क्रमांक, 'एलटी' (म्हणजे 'पेक्षा लहान'), नवा क्रमांक या क्रमाने द्या. ही आज्ञा काहीच छापत नाही, एक्झिट कोड (आज्ञा संपताना परत येणारा आकडा) पाहावा लागतो: शून्य आला तरच क्रम बरोबर.