मदत हवी आहे: २० ग्रॅमच्या वेढण्यांतून २२ कॅरेटच्या पाटल्या किती वजनाच्या होतील?

पाटलीण_बाई
नमस्कार मंडळी. सासूबाईंनी दर दसऱ्या-पाडव्याला थोडं थोडं करून घेतलेली वेढणी (२४ कॅरेट सोन्याची साधी वळी) आहेत. सगळी मिळून २० ग्रॅम भरतात. लेकीसाठी त्यांच्या २२ कॅरेटच्या पाटल्या करायच्या आहेत. सोनारकाका म्हणाले, वजन २१.८३ होईल, त्यातून घट (आटवताना-घासताना कमी होणारं वजन) वजा. घरी यांनी हिशेब मांडला: २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, बाकी ८.४ टक्के तांबं-चांदी. २० चे ८.४ टक्के १.६८, म्हणून वजन २१.६८. फरक ०.१५ ग्रॅमचा, म्हणजे सव्वा गुंज. सासूबाईंना वाटतंय, सोनार तांबं जास्त घालतोय. खरं कोणाचं?

त्रैराशिक
टक्के कशाचे, तिथेच घोळ आहे. ८.४ टक्के तांबं-चांदी हे तयार पाटल्यांच्या वजनाचे, वेढण्यांच्या वजनाचे नव्हेत. आणि पाटल्यांचं वजन तर अजून माहीतच नाही, तेच काढायचंय. माहीत एवढंच की त्या अज्ञात वजनाचे ९१.६ टक्के म्हणजे २० ग्रॅम. मग एक टक्का = २० ÷ ९१.६ = ०.२१८३, आणि शंभर टक्के २१.८३. सोनारकाकांचा आकडा हाच.

ताळा करून बघा. २१.६८ ग्रॅमच्या पाटल्यांत तुमचं २० ग्रॅम सोनं असेल तर शुद्धता येते ९२.२५ टक्के. म्हणजे २२ कॅरेटपेक्षा जरा वरच.

सासूबाईंना हेही सांगा की दोन्ही हिशेबांत सोनं तेवढंच आहे, २० ग्रॅम. सव्वा गुंज जी काय आहे ती तांब्या-चांदीची. भांडायचंच असेल तर घटीवर भांडा, पैसे तिथे जातात.

कसोटी
त्रैराशिक यांचं गणित बरोबर, पण एक गोष्ट राहिली. वेढणी शंभर नंबरी धरलीत. २४ कॅरेटमध्ये ९९९ आणि ९९५ (हजार भागांत इतके भाग शुद्ध सोनं) असे दोन्ही प्रकार असतात. पावतीवर काय लिहिलंय?

पाटलीण_बाई
पावत्या काढल्या. सगळ्यांवर ९९५.

कसोटी
मग शुद्ध सोनं २० नाही, १९.९ ग्रॅम. भागिले ०.९१६ केलं की २१.७२. तुमच्या यांचा आणि सोनारकाकांचा, दोघांच्या मधला आकडा! या वेढण्यांतून २१.८३ ग्रॅम केलं तर शुद्धता ९१.१६ टक्क्यांवर येईल आणि हॉलमार्कला ती ९१६ म्हणून बसणार नाही. तेव्हा सासूबाईंची शंका अगदीच वावगी नव्हती म्हणायची. काकांना ९९५ ची पावती दाखवा आणि वेढणी आटवायच्या आधी त्यांच्या मशीनवर तपासूनही घ्या.

पाटलीण_बाई
बापरे, बरं झालं विचारलं. आता पुढचं. काका घट २ टक्के सांगतात, आणि आम्हाला तयार पाटल्या दोन्ही मिळून २२ ग्रॅमच हव्यात. सोनं किती जास्त द्यावं लागेल? हे म्हणतात २२ वर २ टक्के चढवा. माझा आता टक्के चढवण्यावर विश्वास उरलेला नाही.

त्रैराशिक
ताई, तयार झालात! घट धातूच्या सुरुवातीच्या वजनावर धरलीय, म्हणून २२ ग्रॅम हे त्या वजनाचे ९८ टक्के. २२ ÷ ०.९८ = २२.४५ ग्रॅम धातू आटवायला हवा. त्याचे ९१.६ टक्के म्हणजे २०.५६ ग्रॅम शुद्ध सोनं. तुमच्याकडे १९.९ आहे. कमी पडतं ०.६६. ९९५ च्या वेढण्यात द्यायचं तर ०.६७ ग्रॅम. (२ टक्के चढवले असते तर २२.४४ आलं असतं. इथे फरक नगण्य, कारण टक्केच कमी आहेत. ८.४ ला मात्र तो डोळ्यांत भरतो.)

घट कशी धरलीय ते आधी विचारा. तयार वजनावर धरली असेल तर यांचं २२.४४ च बरोबर. आणि घासकामातला कीस परत मिळणार की घटीत गेला, तेही विचारा.

हिशेबनीस
घडणावळीचा आकडा जीएसटी धरून सांगितलाय की वेगळा? सोनं तुमचं असेल तर घडणावळीवर ५ टक्के लागतो. समजा सगळं धरून ८,४०० म्हणाले, तर मूळ घडणावळ ८,४०० ÷ १.०५ = ८,०००, कर ४००. ८,४०० चेच ५ टक्के काढून ४२० वजा करू नका. दुकानातला तयार दागिना घेतला तर दर ३ टक्के, ती गल्लत नको.

आणि पाटल्यांवर एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा क्रमांक, कोरून घ्या. तो सहा अक्षर-अंकांचा असतो, बीआयएस केअर अॅपवर टाकला की शुद्धता दिसते.

पाटलीण_बाई
काकांकडे जाऊन आले. ते वेढणी शंभर नंबरी धरूनच बोलत होते. पावती बघून २१.७२ लिहून दिलं, काही कुरकुर न करता. घट सुरुवातीच्या वजनावरच आहे, कीस परत देणार नाहीत, पण घट दीड टक्क्यावर आणली. एक ग्रॅमचं वेढणं आणखी घेतेय, उरेल ते परत मागणार. आता दीड टक्क्याचा हिशेब यांच्याकडून करून घेते, तुम्ही सांगू नका.