रिजनल क्लायमेट मॉडेलिंगमध्ये करिअर – पुण्यातलं कोणी आहे का?

पाऊसवेडी: एमएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष आहे, पाषाणला आयआयटीएममध्ये (उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) रिजनल क्लायमेट मॉडेलिंगवर, म्हणजे एखाद्या प्रदेशाचं हवामान कॉम्प्युटरवर गणिताने मांडण्यावर, एक लेक्चर ऐकलं आणि तेव्हापासून पीएचडी यातच करायची असं डोक्यात बसलंय. घरचे म्हणतात आयटीत जा. रोजचं काम नक्की काय असतं? आणि ग्लोबल मॉडेल्स असताना रिजनल वेगळं कशाला लागतं?

घाटमाथा: मी यातच आहे म्हणून सविस्तर लिहितो. ग्लोबल मॉडेल अख्ख्या पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतं. त्यातला एक चौकोन साधारण १०० किमीचा धर, त्यात महाबळेश्वर, वाई आणि पुणं सगळं एकत्र येतं. आता महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या वर पाऊस आणि खाली वाईला हजारसुद्धा नाही, मग त्या चौकोनाची सरासरी धोम धरणवाल्याला काय कामाची? सह्याद्रीची उंचीच त्यात दबून जाते. म्हणून रिजनल मॉडेलला कडांवर ग्लोबल मॉडेलचे वारे, तापमान, बाष्प द्यायचं आणि आत २५ किंवा १० किमीचं जाळं लावून चालवायचं. पण एक लक्षात ठेव, ग्लोबलमध्येच मान्सूनचे वारे चुकले असतील तर ती चूक कडांवरून आत येतेच, बारीक जाळ्याने ती जात नाही. माझ्या मते खरं संशोधन इथेच आहे. कॉर्डेक्स या रिजनल मॉडेलिंगच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या दक्षिण आशियाच्या कामात आयआयटीएमचा मोठा वाटा आहे, ते नक्की बघ.

लिनक्सवाली ताई: रोजचं काम म्हणजे लिनक्स, मॉडेलचा रन सुपरकॉम्प्युटरच्या क्यूमध्ये टाकायचा, रात्रीत पडला तर लॉग वाचायचा, आणि बराचसा वेळ आउटपुट निरीक्षणांशी ताडून बघण्यात जातो. पर्मनंट जागा कमी आहेत गं, पीएचडीनंतर पोस्टडॉकची, म्हणजे तात्पुरत्या संशोधन नोकरीची, वर्षं धरूनच चाल, घरच्यांनाही ते आत्ताच सांग. हवेच्या प्रदूषणाचं मॉडेलिंग पण बघ, हवेच्या दर्जाचा अंदाज देणारी सफर यंत्रणा पुण्यात २०१३ पासून आहे. नेट किंवा गेट आधी काढून ठेव.

पाऊसवेडी: थँक्यू ताई, दादा! पायथन येतं, फोरट्रान शिकावंच लागेल का?

घाटमाथा: हो, डब्ल्यूआरएफ, रेगसीएम या नेहमीच्या दोन्ही रिजनल मॉडेल्सचा गाभा फोरट्रानच आहे, कोड वाचता आलाच पाहिजे. तोवर सिमला ऑफिसचा, म्हणजे आयएमडी (हवामान खातं) पुण्याचा १९०१ पासूनचा पाव अंशाच्या (साधारण २५ किमी) चौकोनांचा पावसाचा डेटा फुकट मिळतो तो उतरव आणि पायथनमध्ये घाटाचा नि वाईच्या बाजूचा जुलैचा पाऊस काढून बघ. पाव अंशातही घाटाचा आकडा थोडा सपाट झालेला दिसेल. ग्राफ आला की इथेच टाक, मी बघतो.