वजनकाटा म्हणतो चाल, गुडघा म्हणतो बस: तुमचे अनुभव लिहा

चारभिंतीवाली
काल सकाळी अजिंक्यताऱ्यावरून उतरताना एक काकू दिसल्या. डांबरी उतारावर चक्क उलट्या चालत होत्या, तोंड किल्ल्याकडे, पाठ गावाकडे. बरोबरची मुलगी "आई, दगड आहे, डावीकडे सरका" म्हणत होती. कॉलेजची पोरं फिदीफिदी हसत होती. मला काही हसू आलं नाही, कारण २०१९ च्या दिवाळीनंतर मीही अशीच उतरले होते. फक्त मला दगड सांगायला कोणी नव्हतं, मैत्रीण फोनवर होती.

तेव्हा वजन ८४. फराळ अंगाला लागला म्हणून रोज किल्ला चढायचा नेम धरला. तिसऱ्या आठवड्यात उजव्या गुडघ्याने दगा दिला. चढताना काही नाही हं, उतरताना वाटीखाली टाचणी टोचल्यासारखं. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, म्हणाले गॅप किंचित कमी आहे, पण तुमचं दुखणं मांडीत आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो, तो ढिला असला की सगळा भार वाटीवर येतो. मी गोळ्यांची वाट बघत होते, त्यांनी टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायला लावली. ती दाबायची, दहा आकडे, सोडायची. मी ह्यांचा जुना पंचा घेतला आणि कुकर लावला की स्वयंपाकघरातच चटईवर बसायचे. तीन शिट्ट्या उजवा, तीन शिट्ट्या डावा. डाळ कधी कधी पार पिठलं व्हायची.

चौदा महिन्यांत ९ किलो गेलं. त्यातलं बरंचसं चार पोळ्यांच्या दोन केल्यावर आणि चहाबरोबरची खारी बंद केल्यावर. व्यायामाने गुडघा सांभाळला, वजन ताटातून उतरलं. आता लिहा तुम्ही.

भडंगप्रेमी
सांगलीला गड नाही म्हणून आमचे गुडघे शाबूत, असा माझा समज होता. आमराईत सहा फेऱ्या मारायचो, बरं चाललं होतं. बायकोने जिमचे पैसे भरले आणि वाट लागली. तिथला पोरगा पहिल्याच दिवशी उड्या मारत उठाबशा काढायला लावतो. ९१ किलोचा माणूस उड्या मारतोय! दुखतंय म्हटलं तर म्हणे दुखलं म्हणजे लागू पडतंय. चौथ्या दिवशी गुडघा नारळाएवढा.
मग वडिलांची जुनी सायकल काढली. तरी दुखायचंच. पंक्चरवाल्याने एकदा बघितलं आणि म्हणाला, "मालक, सीट कुणी खाली केलीय? पॅडल तळाला गेलं की गुडघा जरासाच वाकला पाहिजे." दोन बोटं सीट वर घेतली. जिमची फी कित्येक हजार, ह्याने दहा रुपयेसुद्धा घेतले नाहीत.

कंदीपेढा
खारी बंद?? ताई तुम्ही साताऱ्याच्याच ना?

चारभिंतीवाली
@कंदीपेढा पेढा बंद केलेला नाही. अर्धा करते. अर्धा ह्यांना.

उसाचा_बांध
सगळं वजनावर ढकलू नका राव. माझी आई ४८ किलो. जन्मभर उकिडवं बसून भांगलण केली, दोन्ही गुडघे गेले. तिला डॉक्टर म्हणाले वजन कमी करा! आई म्हणाली आता काय हाडं काढून ठेवू का. आता बुटकं स्टूल घेऊन सरीत बसते. शेजारणी आधी हसल्या, आता दोघींनी स्टुलं आणलीत.

घाटातला_बावळट
हिल मॅरेथॉन. पैज लागली होती, तीन महिन्यांत १० किलो उतरवून २१ किलोमीटर पळायचं. यवतेश्वरचा घाट चढताना सगळे रडतात, मी नाही रडलो. परतीच्या उतारावर मोकळं सुटलो आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला असं काही धरलं की शेवटचे तीन किलोमीटर लंगडत. मेडल मिळालं. घरी जिना बसून बसून चढलो. पैजेचे पैसे अजून मिळालेले नाहीत, तो इथे वाचत असेल तर समजून घ्यावं.
आता फक्त चढतो, उतरायला भाऊ गाडी घेऊन येतो.

साडेसातची_एसटी
उतरायला गाडी ही आयडिया भारी आहे. पण भाऊ कुठून आणायचा?

हळदीचं_बोट
पोहा की सगळे. छातीएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी बहुतेक वजन पाणीच उचलतं, मी नुसती चालते पाण्यात. फक्त आमच्याकडे बायकांची बॅच ११ ते १२. त्या वेळात नोकरीवाली बाई कशी जाणार, हे ज्याने वेळ ठरवली त्यालाच माहीत.

भडंगप्रेमी
कृष्णा आहे की फुकट.

उसाचा_बांध
भिलवडीकडं ये, मगरी दाखवतो.

भडंगप्रेमी
मगर मागे लागल्यावर गुडघा दुखत नाही म्हणतात.

उसाचा_बांध
गुडघा राहिला तर दुखंल ना

कंदीपेढा
😂😂 निर्गुडीच्या तेलाने फरक पडतो का? आईसाठी विचारतेय.

माहेर_मिरज
@कंदीपेढा चोळलं की बरं वाटतं, शेक मिळतो, तेवढंच. मी सहा महिने तेच चोळत बसले आणि शेवटी गुडघ्यातली गादी फाटलेली निघाली. भाजी निवडून उठायला गेले तर पाय सरळच होईना, तसाच अडकला. जाऊबाईंना वाटलं कामाचा कंटाळा. गुडघा अडकत असेल, सुजून गरम लागत असेल, मध्येच निसटल्यासारखा होत असेल तर आधी दाखवून या बाई. पंचा, सायकल सगळं नंतर.
माझं ऑपरेशन दुर्बिणीने झालं. वजन? ऑपरेशननंतर भेटायला येणाऱ्यांनी आणलेल्या शिऱ्याने ४ किलो वाढलं.

साडेसातची_एसटी
आमचा डॉक्टर म्हणाला १ किलो कमी केलं की पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोंनी कमी होतो. मी दोन किलो कमी केलंय. म्हणजे ८. मला लय हलकं वाटायला लागलं लगेच. बस आली, बाकी नंतर लिहिते.

घाटातला_बावळट
@चारभिंतीवाली उलटं उतरायला वाटीला बरं पडतं खरं, पण एकट्याने करू नका. आणि काकूंनी जांभळी छत्री धरली होती का? आमच्या मामी असणार.

चारभिंतीवाली
छत्री नव्हती. हिरवा स्वेटर, कानटोपी.

घाटातला_बावळट
मग नाहीत. मामी कानटोपी घालत नाहीत, केस बसतात म्हणतात.

कंदीपेढा
जरंडेश्वरला शनिवारी कोणी येतंय का? मी निम्म्यापर्यंतच येणार, आधीच सांगते.

चारभिंतीवाली
मी येते. उतरताना वेळ लागेल मला, घाई असणाऱ्यांनी पुढे व्हावं. कुकर झाला, जाते.

साडेसातची_एसटी
बसमध्ये जागा मिळाली नाही, उभीच आहे. हाही व्यायामच धरा.