ऑटोमॅटिक सुप्राचा गिअरबॉक्स किती वाढीव पॉवर झेपवेल?

निखिल_डी:
मंडळी एक प्रश्न आहे. माझी २०२१ ची टोयोटा जीआर सुप्रा, तीन लिटरवाली, ऑटोमॅटिक. कंपनीचे आकडे ३८२ हॉर्सपॉवर आणि ५०० एनएम टॉर्क (फिरवायचा जोर). आता डाउनपाइप (टर्बोनंतरचा मोकळा एक्झॉस्ट पाइप) टाकून ट्यून (इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल) करायचं डोक्यात आहे, ट्यूनर म्हणतो ४८० पर्यंत आरामात जाईल, इंजिनाला काही होत नाही. इंजिनाचं पटतं मला, पण गिअरबॉक्सचं काय? आतमध्ये झेडएफ कंपनीचा ८एचपी५१ बॉक्स आहे आणि त्या नावातला शेवटचा आकडा म्हणजेच टॉर्कची लिमिट, ५०० च्या आसपास, असं कळलं. म्हणजे कंपनीतून निघतानाच गाडी काठावर आहे का? वर अजून शंभर-दीडशे एनएम टाकले तर बसेल का बोंब? कृपया आकडा सांगा, "जपून चालव" हे आई रोज सांगते 😀

मंदार_गिअर:
निखिल, आधी हॉर्सपॉवर विसर. गिअरबॉक्सला कळतो तो टॉर्क. ६०० एनएम ३००० आरपीएमला असेल तर ते साधारण २५० हॉर्सपॉवर होतात आणि तेच ६०० एनएम ६००० ला मिळाले तर ५०५, पण क्लच पॅकवर (गिअर धरून ठेवणाऱ्या चकत्यांवर) येणारा जोर दोन्हीकडे सारखाच. म्हणून ट्यूनरला "किती हॉर्सपॉवर" विचारू नकोस, "किती टॉर्क आणि कुठल्या आरपीएमला" ते विचार, आणि ग्राफ माग.

दुसरं, ते नावातलं रेटिंग म्हणजे फुटायची रेषा नव्हे. ते आकडे गाडीचं पूर्ण आयुष्य, उन्हाळा, ट्रेलर ओढणं सगळं धरून दिलेले असतात. डॉजची हेलकॅट बघ, ८एचपी९० बॉक्स, ८८१ एनएम, म्हणजे नावाच्या आतच. पण त्याच फॅमिलीतली २०१८ ची डीमन रेस फ्युएलवर ८४० हॉर्सपॉवर आणि १०४४ एनएम देते, बॉक्स तोच ८एचपी९०, आणि ती कंपनीने शोरूममधून विकली. अर्थात टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलावर चालणारा जोड) वेगळा दिला होता, नुसता इंजिनाचा ट्यून करून सोडून दिली नव्हती.

स्वरूपा_के:
मंदारदादांचं बरोबर आहे पण खरी गोम सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि ती कोणी सांगत नाही. या बॉक्समध्ये पाच क्लच-ब्रेक आहेत, कुठल्याही गिअरमध्ये त्यातले तीन धरलेले आणि दोन सुटे. ते किती घट्ट धरायचे हे तेलाच्या प्रेशरवर ठरतं, आणि प्रेशर किती द्यायचं हे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर इंजिनाच्या कॉम्प्युटरला विचारून ठरवतो, की बाबा आत्ता टॉर्क किती येतोय. टॉर्क मोजायला सेन्सर नसतो, इंजिनाचा कॉम्प्युटर हवा, इग्निशन वगैरे बघून हिशोबाने सांगतो.

आता काही ट्यूनर काय करतात, टॉर्क लिमिटर (ठरल्यापेक्षा जास्त टॉर्क न देणारं सॉफ्टवेअर) आड येतो म्हणून इंजिनाला खोटं बोलायला लावतात. खरे ६८० एनएम निघतायत आणि बॉक्सला कळतायत ५०० च! मग बॉक्स ५०० पुरतंच प्रेशर देणार, क्लच घसरणार, घसरला की तापणार, तापला की फ्रिक्शन मटेरियल जळणार. लोक म्हणतात बॉक्स कमजोर निघाला. कमजोर कसला, त्याला खरं सांगितलंच नाही कोणी. खोटा ६०० पेक्षा खरा ७०० परवडला. म्हणून इंजिनासोबत गिअरबॉक्सचाही ट्यून कर आणि टॉर्कचं गणित खरं ठेवलंय का ते स्पष्ट विचार, उत्तर देताना ट्यूनर अडखळला तर तिथून निघ.

निखिल_डी:
बापरे हे माहीतच नव्हतं. घसरतंय हे मला कळेल का चालवताना?

स्वरूपा_के:
सुरुवातीला नाही कळत. गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा लॉग काढ. सहाव्या गिअरचा रेशो बरोबर १ आहे, म्हणून लॉकअप (कन्व्हर्टरला थेट जोडणारा क्लच) लागलेला असताना फुल थ्रॉटलला इंजिन, टर्बाइन (कन्व्हर्टरची गिअरबॉक्सकडची बाजू) आणि आउटपुट शाफ्ट तिन्हीचे आरपीएम सारखेच दिसले पाहिजेत. इंजिन पुढे आणि टर्बाइन मागे तर लॉकअप क्लच घसरतोय, टर्बाइन पुढे आणि आउटपुट मागे तर आतले क्लच.

जुना_गडी:
थोडं जुन्या जमान्यातलं. सी५ कॉर्व्हेटमध्ये ४एल६०ई होता, चार गिअरचा, त्यात पॉवर वाढवली की तिसऱ्या-चौथ्याचा क्लच पॅक आधी जातो हे ठरलेलं, म्हणून लोक सरळ ४एल८०ई बसवायचे. आजचे बॉक्स त्या मानाने फारच दणकट. पण उष्णता तेव्हाही वैरी होती आणि आत्ताही. ब्रेक दाबून बूस्ट (टर्बोचं हवेचं प्रेशर) भरून सोडायची सवय असेल तर ऐक, कन्व्हर्टर लॉक नसताना उभ्या गाडीत तो टॉर्क जवळजवळ दुप्पट करून आत पाठवतो, आणि तेल उकळतं ते वेगळंच. चालत्या गाडीत फुल थ्रॉटलला मारलेल्या दहा पुलपेक्षा असे दोन लाँच जास्त खातात.

तेल "लाइफटाइम" आहे असं कोणी म्हटलं तर हसून सोडून दे, झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमीला बदला म्हणतं, ट्यून गाडीला मी त्याच्या निम्म्यात बदलीन. फिल्टर प्लॅस्टिकच्या पॅनमध्येच असतो, पूर्ण पॅन बदलावा लागतो. लेव्हल इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० डिग्रीला असताना बघायची, थंड किंवा फार गरम बघितली की चुकते.

निखिल_डी:
सगळं समजलं, पण आकडा राहिलाच की 😅

मंदार_गिअर:
माझं मत विचारशील तर, बॉक्सचं सॉफ्टवेअर स्टॉक ठेवणार असशील तर ६०० च्या आत राहा. बॉक्सचा ट्यून केला आणि टॉर्क खरा कळवला तर ७०० पर्यंत मला झोप लागेल. त्यापुढे जायचं तर क्लच पॅक आणि कन्व्हर्टरचं बजेट आधी काढ, टर्बोचं नंतर. आणि टॉर्क २५०० लाच भसकन् नको, ३५०० नंतर चढू दे. ४८० हॉर्सपॉवर ६००० ला हवे तर ५७० एनएम पुरतात, हिशोब करून बघ.

निखिल_डी:
केला, बरोबर येतोय. ट्यूनरला ग्राफ मागितलाय, आला की इथेच टाकतो.