डोमेन दुसऱ्याच्या नावावर आणि मुदत संपलेली, काय करावे?

गणपतीपेठकर
सांगलीत आमचे हळद, बेदाणे आणि मसाल्यांचे किरकोळ दुकान आहे. चार वर्षांपूर्वी ओळखीच्या एका गृहस्थांनी दुकानाचे संकेतस्थळ करून दिले. डोमेन (म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता), होस्टिंग (म्हणजे संकेतस्थळ ठेवण्याची सर्व्हरवरची जागा), ईमेल सारे त्यांनीच पाहिले आणि आम्ही दरवर्षी पैसे देत राहिलो. गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने हळदीच्या पाकिटावरचा क्यूआर कोड स्कॅन केला, तर तेथे मुदत संपल्याची सूचना आणि भलत्याच जाहिराती दिसल्या. ते गृहस्थ फोन उचलत नाहीत. हाच पत्ता छापलेली दोन हजार पाकिटे गोदामात पडून आहेत. डोमेन परत मिळेल, की नव्याने सुरुवात करावी?

मिरजकर
घाईने नवे डोमेन घेऊ नका. आधी 'हूइज'वर, म्हणजे डोमेनच्या नोंदणीची माहिती दाखवणाऱ्या सेवेवर, पत्ता टाकून पाहा. मालकाचे नाव बहुधा झाकलेले असते, पण नोंदणी कोणत्या कंपनीकडे आहे आणि मुदत केव्हा संपली, हे कळते. मुदत संपली की नाव दुसऱ्याच दिवशी कोणीही उचलतो, असे होत नाही. डॉट कॉमच्या बाबतीत नाव रद्द झाल्यावरही ३० दिवस ते जादा शुल्क भरून सोडवता येते आणि त्यानंतर ५ दिवसांनी खुले होते. अडचण अशी की, खाते ज्याच्या हाती आहे त्याच्याशिवाय पुढचे पाऊल बहुधा पडत नाही. म्हणून फोनचा नाद सोडून दोघांच्या ओळखीच्या माणसाला घेऊन त्यांच्या घरी जा, आधी नूतनीकरण करून घ्या आणि मग डोमेन स्वतःच्या खात्यात वळवा. नोंदणीची कंपनी बदलायची असेल तर त्या गृहस्थांकडून ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवण्याचा गुप्त संकेतांक, लागेल. डॉट इनच्या तंट्यांसाठी निक्सीचे (डॉट इन नावे सांभाळणाऱ्या संस्थेचे) आयएनडीआरपी हे तंटे सोडवण्याचे धोरण आहे खरे, पण तेथे नावावरचा हक्क सिद्ध करावा लागतो आणि शुल्कही पडते. दुकानदाराने तो मार्ग शेवटी धरावा.

कृष्णाकाठ
मिरजकरांशी सहमत. भर एवढीच की, डोमेन मिळाले तरी आतला मजकूर मिळेलच असे नाही, कारण होस्टिंग हा निराळा व्यवहार आहे. २०१९ च्या पुरात आमच्या दुकानातला संगणक पाण्याखाली गेला आणि उत्पादनांची सारी छायाचित्रे त्याच्यासोबत गेली. तेव्हापासून एक प्रत होस्टिंगवर, एक घरच्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी भावाकडे ठेवतो. होस्टिंगच्याच सर्व्हरवरचा बॅकअप मी बॅकअप मानत नाही.

आणखी एक. 'सांगली हळद' या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्या नावाने विकायचे असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी झाली आहे का, ते नव्या संकेतस्थळावर मजकूर घालण्यापूर्वी पाहावे. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ अंकी क्रमांकही विसरू नका.

हरिपूरचा
एक वेगळे मत. ऑनलाइन पैसे घेणारे पूर्ण दुकान उभारण्याची तुम्हाला खरोखर गरज आहे का? वर्डप्रेस (संकेतस्थळ चालवण्याची प्रणाली) आणि त्याचे प्लगइन (जोड-सुविधा) वेळच्या वेळी अद्ययावत केले नाहीत तर घुसखोरीची वाट मोकळी राहते, आणि ते काम काउंटरवर बसून होत नाही. चार साधी पाने, दरांचा तक्ता आणि व्हॉट्सॲपचा दुवा एवढ्याने आमचे चालते. मालाचे फोटो मोबाइलमधून जसेच्या तसे चढवू नका. एकेक चार-पाच एमबीचा असतो, तो दोनशे केबीवर आणला तरी हळदीचा रंग तसाच दिसतो. पाकिटांचे म्हणाल, तर जुन्या कोडवर नव्या कोडचे स्टिकर लावा, मात्र त्याखाली एमआरपी किंवा वजन झाकले जाऊ देऊ नका.

गणपतीपेठकर
सर्वांचे आभार. हूइजप्रमाणे मुदत संपून अठरा दिवस झाले आहेत, म्हणजे वेळ अजून हाती आहे. जुन्या पावत्यांच्या फाइलीत पहिल्या वर्षीच्या नोंदणीचे बिल आमच्या दुकानाच्या नावाने सापडले. ते घेऊन उद्या सकाळी वडिलांसोबत त्यांच्याकडे जात आहे. स्टिकरचा खर्च तोवर थांबवला आहे.