होमस्कूलिंगची सरकारी नोंद हवी की नको?

बेसा रोडची आई
मुलगी आठ वर्षांची, दोन वर्षांपासून घरीच शिकते. मागे शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला एक मॅडम दारात आल्या. तेव्हा पोरगी ओट्यापाशी तीन पोळ्या चौघांत वाटायच्या कशा, यावर माझ्याशी भांडत होती. मॅडमनी विचारलं, "शाळा?" म्हटलं, घरीच शिकवतो. त्यांचा पेन तिथंच थांबला. त्यांच्या कागदावर मूल कधीच शाळेत गेलं नाही, नाहीतर मध्येच सोडली, एवढंच होतं. बिचाऱ्यांनी "मध्येच सोडली"वर खूण केली न् पाणी पिऊन गेल्या.

कार्यालयात जाऊन लेखी अर्ज दिला, तर बाबूजी म्हणाले, "यूडायस नंबर, म्हणजे शाळेचा सरकारी नंबर, लिहा न मॅडम." शाळाच नाही तर शाळेचा नंबर कुठून आणू? माझं मत सरळ आहे. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम 9 नुसार हद्दीतल्या 14 वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं स्थानिक प्राधिकरणाचं कामच आहे. त्यात "घरी शिकते" असा एक रकाना वाढवा.

जुना मास्तर, महाल
ताई, कलम 9 वाचलं, तसं पुढचं 10 पण वाचा. मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य, असं तिथं लिहिलं आहे. आणि तुमचा तो रकाना फक्त तुमच्यासाठी नसेल. मी वीटभट्टीवर पोरं शोधत फिरलो आहे. मुकादम विचारायच्या आधीच सांगायचा, "जातात न गुरुजी शाळेत!" उद्या तोच म्हणेल, "घरीच शिकतात." मी कोणत्या तोंडाने त्याला खोटं ठरवू?

बेसा रोडची आई
गुरुजी, म्हणूनच तर नोंद पाहिजे. नोंद असली की वर्षातून एकदा येऊन पोरीला वाचायला लावा, गणित घाला. आता वीटभट्टीवरचं पोर न् माझी पोरगी एकाच खुणेखाली आहेत. त्यात त्याचंच नुकसान जास्त.

धरमपेठचा बाप
मी घरी शिकवणाराच आहे, पण नोंदणी नको बाप्पा! कलम 10 मध्ये कर्तव्य आहे, पण पालकाला दंड कुठंच नाही. इतकी वर्षं त्या फटीतच आपण निवांत आहोत. आज रकाना मागाल, उद्या तपासणी, परवा त्यांचीच पुस्तकं न् त्यांचेच पेपर. मग शाळेनं काय घोडं मारलं होतं? 14 पूर्ण झाले की एनआयओएसची, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळा मंडळाची, दहावी द्यायची, विषय संपला.

मानेवाडा, दोघांची आजी
जावईबापूंचंही असंच होतं, "विषय संपला." नातवाला दहावीला राज्य मंडळातून बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा होता. शाळा सोडल्याचा दाखला मागितला. पोरगा शाळेत गेलाच नव्हता, सोडणार काय? शेवटी एनआयओएसच केलं, पण घरात महिनाभर कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

धरमपेठचा बाप
आजी, हे मान्य. तरी एका दाखल्यासाठी साहेबाला घरात बोलवायचं काहून?

जुना मास्तर, महाल
साहेब घरात येतो म्हणून एवढं घाबरता, तर पोराला काय येतं ते दाखवायला हरकत काय? बाकी ताई, एक सांगतो. मन बदललं तर कलम 4 नुसार वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. शाळा आडवी आली तर हेच कलम दाखवा.

बेसा रोडची आई
दाखवेन. पण गुरुजी, वर्षातून एकदा तपासायला तुम्ही याल का? पोरगी विचारते आहे, तीन पोळ्या चौघांत वाटल्या तर तुमच्या वाट्याला किती?

जुना मास्तर, महाल
पाऊण. पण त्यावर तूप पाहिजे.