ऑल टाइम टेस्ट इलेव्हन: वॉर्न की मुरली? मदत हवी आहे

मंडळी, बाबांशी पैज लागलीये, ऑल टाइम टेस्ट टीम काढायची. लाइट बिलाच्या मागे लिहितोय, खाडाखोड करून कागद फाटायला आलाय. ब्रॅडमन (बॅटिंग सरासरी ९९.९४, विषय संपला), सचिन, सोबर्स, गिलख्रिस्ट, मार्शल पक्के. गावसकर पण, विंडीजविरुद्ध १३ शतकं म्हणजे खायचं काम नाही, आणि तो नसला तर बाबा घरात घेणार नाहीत. ओपनिंगला त्याच्या जोडीला हॉब्ज की हटन? पण खरा घोळ स्पिनरचा, सोबर्स फिरकीपण टाकायचा म्हणून एकच घ्यायचाय, मुरलीच्या ८०० विकेट, वॉर्नच्या ७०८, आणि भारतात दोघांचीही बॉलिंग सरासरी ४० च्या वर, म्हणजे एका विकेटमागे ४० हून जास्त रन! माझं मन वॉर्नकडे, स्लिपमध्येपण कामाला येईल. तुम्ही कोणाला घ्याल? कारण सांगा प्लीज, नुसतं नाव बाबांना चालत नाही.